आगटीला दगड कोणता?

शेतघराच्या अंगणात शेकोटीसाठी कायमची आगटी बांधायची ठरली की बहुतेकांची नजर आधी ओढ्याकडे जाते. पाण्याने घासून गुळगुळीत झालेले गोटे फुकट मिळतात, हाताने उचलता येतात आणि गोल मांडले की सुरेखही दिसतात. पण आगीशेजारी ठेवायला यांच्याइतका वाईट दगड शोधून सापडणार नाही. अर्ध्या-पाऊण तासात त्यातला एखादा मोठा आवाज करून फुटतो आणि त्याच्या धारदार कपच्या शेकायला बसलेल्यांच्या अंगावर उडतात. डोळ्याला लागली तर इजा कायमची.

यात दोष आगीचा कमी आणि पाण्याचा जास्त. वर्षानुवर्षे पाण्यात पडलेल्या दगडाच्या बारीक भेगांत पाणी शिरून बसलेले असते. वरून खडखडीत वाळलेला दिसणारा गोटा आतून ओला असू शकतो, आणि चार दिवसांच्या उन्हाने ती ओल निघत नाही. पाण्याची वाफ झाली की मोकळ्या हवेत ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा घेते. भेगेत एवढी जागा कुठून येणार? मग दाब वाढत जातो. दगड दाबला तर प्रचंड भार सोसतो, पण आतून ताणला गेला तर फारच दुबळा ठरतो. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी असते. मक्याच्या दाण्याची लाही होते ती याच कारणाने, फरक इतकाच की लाही मऊ असते.

आगटीचे सामान निवडताना लोक विचारतात, ‘हा दगड किती उष्णता सोसतो?’ हा प्रश्न तसा दुय्यम आहे. लाकडाच्या शेकोटीत तापमान साधारण ६०० ते १,००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान खेळत असते आणि बहुतेक दगड त्याला वितळत नाहीत. विचारायचे ते हे, की दगडात पाणी किती आहे, ते कोणत्या रूपात आहे, आणि तापल्यावर त्याला बाहेर पडायला वाट आहे का.

पाणी हाच खरा गुन्हेगार, हे दाखवणारा एक चिकाटीचा प्रयोग अमेरिकेत झाला. वाळवंटातले खडक दिवसा तापून आणि रात्री निवून तडकतात असे तोपर्यंत सर्रास मानले जाई. डेव्हिड ग्रिग्ज या भूशास्त्रज्ञाने घासून चकचकीत केलेला ग्रॅनाइटचा तुकडा यंत्राच्या साहाय्याने पुन्हा पुन्हा तापवला आणि थंड केला. एकूण ८९,४०० वेळा. रोज एकदा ऊन-रात्र धरली तर ही २४४ वर्षांची झीज झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर दगड जसाच्या तसा. मग त्याने थंड करताना कोरड्या हवेऐवजी पाण्याचा फवारा वापरला, तेव्हा मात्र थोड्याच फेऱ्यांत पृष्ठभागाची चकाकी जाऊन तडे दिसू लागले. हे निष्कर्ष १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रयोगातले तापमान दीडशे अंशांच्या आतच होते, म्हणून त्यावरून ‘कोरडा ग्रॅनाइट आगीत सुरक्षित’ असा अर्थ मात्र काढायचा नाही. आगीत ग्रॅनाइटचे दुसरेच दुखणे उघडे पडते.

ग्रॅनाइट हा वेगवेगळ्या खनिजांच्या कणांनी बनलेला दगड. त्यात फेल्डस्पार असते, अभ्रक असते आणि भरपूर क्वार्ट्झ असते, म्हणजे आपली गार. तापल्यावर प्रत्येक खनिज वेगळ्या मापाने फुगते आणि गार सगळ्यांत जास्त. ५७३ अंशांना तर तिच्या स्फटिकाची अंतर्गत रचनाच एकदम बदलते आणि घनफळ एका झटक्यात वाढते. नेहमीच्या तापमानापासून तिथपर्यंत पोचताना गारेचा कण चार टक्क्यांहून जास्त फुगलेला असतो. शेजारचे कण तेवढे फुगत नाहीत, म्हणून दगड कणाकणाच्या सांध्यात सुटू लागतो. लाकडाची आग हा ५७३ चा उंबरठा एका संध्याकाळीही अनेकदा ओलांडते. ग्रॅनाइट एका दिवसात फुटेलच असे नाही. दोन-तीन हिवाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी बोटाने कण निघतात.

माणसाने या दुबळेपणाचा उपयोगही करून घेतला. सुरुंगाची दारू हाती येण्याआधी खाणीत खडक फोडायचा तर त्याला लाकडांची आग लावत. नॉर्वेतल्या कोंग्सबर्गच्या चांदीच्या खाणीत ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होती. आपल्या शेजारचे उदाहरण तर त्याहून नजाकतीचे आहे. बंगळूरजवळच्या खाणींत कारागीर सपाट खडकावर लाकडांची एक अरुंद रांग पेटवत आणि पुढच्या खडकावर हातोड्याचे ठोके देत राहत. आवाज बदलला की खालून थर सुटला असे समजून जळती लाकडे काही बोटे पुढे सरकवायची. असे करत करत काही इंच जाडीचा, खोलीभर लांबी-रुंदीचा अखंड पत्रा खडकापासून सुटून येई. या पद्धतीचे वर्णन १८९५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. सुरुंग नाही, छिन्नी नाही. नुसती आग आणि तयार कान. ग्रॅनाइटच्या आगटीत तीच क्रिया आपण नकळत, बेशिस्तपणे करत असतो.

आता आपला काळा दगड. दख्खनचे पठार ज्या बेसॉल्टचे बनले आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपात थरावर थर पसरून गोठला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. आगटीच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की त्याच्या मूळ घडणीत मोकळी गार जवळजवळ नसते. म्हणजे ५७३ अंशांचा झटका त्याला बसत नाही. कणही अतिशय बारीक असल्यामुळे एकमेकांना ढकलण्याची ताकद कमी पडते. एक मीटर लांबीचा बेसॉल्ट ५०० अंश तापला तर तो अडीच-तीन मिलिमीटरच वाढतो. शिवाय तो एकदा आगीतूनच आलेला आहे, अकराशे अंशांच्या पुढच्या. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्याला आगटीसाठी दूर जाण्याचे कारण नाही.

मात्र ‘काळा दगड’ म्हणून खाणीतून जे डबर येते ते सगळे एकजात नसते. लाव्हा गोठताना त्यातले वायू वर येतात आणि थराच्या वरच्या भागात बुडबुडे तसेच अडकून राहतात. खालचा भाग भरीव आणि वरचा भाग पोकळ्यांनी भरलेला, अशी प्रत्येक थराची घडण असते. पुढे लाखो वर्षांत जमिनीतले पाणी या पोकळ्यांतून झिरपले आणि त्यांत पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजे साठली. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींमधून निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले कॅव्हान्साइट तर त्याच्या गर्द निळ्या रंगासाठी खनिजे जमवणाऱ्यांच्या जगात प्रसिद्ध आहे.

संग्रहालयात शोभणारे हेच स्फटिक आगटीत नकोत. १७५६ साली स्वीडनच्या ॲक्सेल क्रॉनस्टेट या खनिजतज्ज्ञाने असा एक स्फटिक फुंकणीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो फसफसून फुगला. झिओलाइट हे नाव त्यानेच या खनिजांना दिले. त्यांच्या स्फटिकाच्या जाळीतच पाणी बसलेले असते, बाहेरून मुरलेले नव्हे. आपल्याकडे विपुल सापडणाऱ्या स्टिल्बाइटचे वजन १०० ग्रॅम धरले तर त्यातले सुमारे १८ ग्रॅम पाणीच असते! असा दगड कितीही महिने उन्हात ठेवला तरी हे पाणी जात नाही; ते आग पेटल्यावरच बाहेर पडते. स्फटिक तडकतात, भुगा होऊन गळतात आणि दगडाचा तो भाग खिळखिळा होतो. तेव्हा फोडलेल्या बाजूवर पांढरे ठिपके, गोल डोळे किंवा चमकत्या कपारी दिसल्या तर तो दगड बाजूला ठेवावा, बाहेरच्या कट्ट्याला वापरावा. एकसारखा काळा, भरीव, ताज्या फोडीवर राखाडी-निळसर झाक असलेला दगड घ्यावा. पाथरवट हातोडीने वाजवून पाहतात तसा वाजवावा. खणखणीत आवाज आला तर दगड निकोप. बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा झीज सुरू झाली आहे.

इथे कुणी म्हणेल, पोकळ्या वाईट, हे कळले. पण प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जाऊन पाहावे तर नेमके उलटे. तिथल्या लोकांची जमिनीतली भट्टी, इमू, अशी असते: खड्डा खणायचा, त्यात लाकडे रचून वर दगड ठेवायचे, दगड लालबुंद तापले की त्यांवर केळीचे सोपट आणि पाने अंथरून डुकराचे मांस पुरायचे आणि कित्येक तास शिजू द्यायचे. त्यासाठी निवडलेला दगडही बेसॉल्टच असतो, पण तो मुद्दाम पोकळ्यांचाच घेतात. भरीव, घट्ट दगड फुटतो म्हणून टाळतात.

हा विरोधाभास नुसता वरवरचा आहे. हवाईचा लाव्हा ताजा आहे. त्याच्या पोकळ्या अजून रिकाम्या आहेत आणि पुष्कळशा एकमेकींना जोडलेल्या आहेत. वाफेला त्यांतून सहज वाट मिळते. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्या साडेसहा कोटी वर्षांत बुजल्या आणि त्यांत पाणीवाली खनिजे बसली. खडक एकाच कुळातले, वय वेगळे, आणि म्हणून आगीतले वागणे वेगळे. बेसॉल्ट एकतर पूर्ण भरीव आणि कोरडा हवा, नाहीतर पूर्ण मोकळ्या जाळीचा हवा, मधला नको.

मोकळ्या वाटेचे हे तत्त्व अभियंत्यांना फार महागात शिकावे लागले. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांना समुद्राखालून जोडणाऱ्या चॅनेल टनेलमध्ये मालमोटारी वाहणाऱ्या गाडीला आग लागली. बोगद्याचे अस्तर उत्तम प्रतीच्या, अतिशय घट्ट काँक्रीटचे होते. तो घट्टपणाच नडला. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन काँक्रीटचे थरामागून थर उडाले. अशा काँक्रीटमध्ये आता प्लॅस्टिकचे, पॉलिप्रॉपिलीनचे, केसासारखे धागे मिसळतात. सुमारे १६०-१७० अंशांना ते वितळतात, त्यांच्या जागी बारीक नळ्या तयार होतात आणि वाफ निघून जाते. आपल्याकडे चुलीच्या मातीत भाताचे तूस, भुसा आणि शेण कालवतात. वाळताना माती चिरू नये हा एक हेतू असतो, आणि पहिल्या जाळाबरोबर आतले तूस-भुसा जळून गेले की मातीत वाटा उरतात. कुंभार मातीत लीद मिसळतो तीही निष्कारण नाही.

काँक्रीटचा विषय निघालाच आहे तर सिमेंटचे पोकळ ठोकळे आणि पेव्हर ब्लॉक यांचाही निकाल लावून टाकू. दोन्ही आगीला लागून वापरू नयेत. सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी संयोग पावून. ते पाणी त्याच्या अंगात राहते आणि तापल्यावर टप्प्याटप्प्याने निघते. ४००-५०० अंशांच्या आसपास त्यातला चुनाही मोडतो. आग विझल्यावर तोच चुना हवेतली ओल पुन्हा ओढून फुगतो, म्हणून बांधकाम जळताना टिकले तरी आठ-पंधरा दिवसांनी भुसभुशीत होते. नेहमीच्या सिमेंटच्या गिलाव्याचीही तीच गत.

मराठी घरांना सर्वांत जास्त फसवणारा दगड मात्र चुनखडकाचा आहे, कारण तो चुनखडक आहे हेच लक्षात येत नाही. अंगणातली शहाबादी फरशी चुनखडक. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा काळाभोर कडप्पा, तोही चुनखडक. हिरवट कोटा फरशी तीच. घराचे काम झाल्यावर यांचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात आणि आगटीच्या तळाला घालायला अगदी आयते वाटतात. थराथराचे दगड असल्यामुळे आधी ते पत्र्यासारखे सुटतात. पुढे, ८५०-९०० अंशांच्या घरात, जिथे निखारे सतत धगधगतात तिथे, खरी किमया होते: दगड कार्बन डायऑक्साइड सोडू लागतो. शुद्ध चुनखडक पूर्ण भाजला तर त्याचे ४४ टक्के वजन हवेत जाते आणि मागे उरते ती कळीच्या चुन्याची पांढरी ढेप. चुन्याच्या भट्टीत हेच करत. रायगडापासून शनिवारवाड्यापर्यंतची बांधकामे असल्याच चुन्यावर उभी राहिली. अंगणात मात्र या चुन्यावर पावसाचा शिडकावा झाला की तो फसफसून तापतो, फुलतो आणि विरतो. लहान मुलाने तो ओल्या हाताने उचलला तर हात भाजण्याची भीती. संगमरवर हाही मुळात चुनखडकच; त्याला वेगळा न्याय नाही.

कोकणात प्रश्न वेगळा, कारण तिथे हाताशी असतो तो जांभा. हा लोहयुक्त दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतात आणि हवा लागली की तो टणक होतो. त्याच्या पोकळ्या मोकळ्या असतात ही जमेची बाजू. पावसाळाभर त्या पाणी पितात ही खर्चाची. त्यातल्या लोहखनिजातही पाणी असते. ते सुमारे ३०० अंशांना निघून जाते आणि पिवळट-तपकिरी दगड लालभडक होतो. अश्मयुगातल्या माणसांनी पिवळी माती भाजून तांबडा रंग मिळवला तो याच क्रियेने. उन्हाळाभर वाळवलेला जांभा बाहेरच्या वर्तुळाला चांगला, गडगा रचतात तसा रचावा. ज्वाळेला भिडणारी आतली बाजू त्याच्यावर सोपवू नये.

मग आत काय लावायचे? भट्टीची वीट, म्हणजे फायरब्रिक. साधी लाल वीटही भट्टीतून निघालेली असते, म्हणून ती आगीला अनोळखी नाही, आणि हाताशी दुसरे काही नसेल तर दोन-तीन हंगाम काढते. पण ती पाणी फार पिते. साध्या विटेला भारतीय मानकानुसार वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आहे. ओली झालेली वीट एकदम तापली की तिचा दर्शनी भाग उडतो.

फायरब्रिक ज्या मातीची करतात त्या मातीची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. इंग्लंडमधल्या स्टूरब्रिजची फायर क्ले एकेकाळी जगभर नावाजलेली होती. ती सापडते दगडी कोळशाच्या थराच्या अगदी खाली. तीसेक कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदलीतली अरण्ये होती. त्यांच्या गाडल्या गेलेल्या झाडांचा कोळसा झाला आणि ती झाडे ज्या मातीत उभी होती तिची झाली फायर क्ले. मातीला आगीत लवकर वितळवतात ते तिच्यातले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे घटक. दलदलीतल्या झाडांच्या मुळांनी आणि आम्ल पाण्याने ते घटक त्या मातीतून शोषून आणि धुऊन नेले. उरली ती ॲल्युमिना आणि सिलिका यांनी समृद्ध माती, जी दीड हजार अंशांपुढेही टिकाव धरते. एकाच अरण्याने जाळायला कोळसा दिला आणि त्या कोळशाची धग सोसणारी वीटही दिली. आपल्याकडेही झारखंड-बंगालच्या कोळसापट्ट्यात ही माती मिळते आणि राणीगंज परिसरात तिच्या विटांचे कारखाने जुने आहेत.

भारतीय मानकांत या विटांचे स्थान पाहण्यासारखे आहे. आयएस १ हे मानक राष्ट्रध्वजाचे. त्यानंतर लगेच, आयएस ६ आणि आयएस ८ या क्रमांकांना, मध्यम आणि जास्त उष्णतेच्या फायरब्रिक येतात. नव्या देशाला पोलादाच्या भट्ट्या उभारायच्या होत्या आणि त्यांना अस्तर हवे होते, हे त्या क्रमांकांवरूनही कळते. अंगणातल्या आगटीला आयएस ६ च्या प्रतीची वीट पुरून उरते. दुकानात पांढरी, हलकी, बोटाने खरवडली जाणारी वीटही फायरब्रिक म्हणूनच दाखवतील. ती उष्णता रोखण्यासाठी भट्टीच्या बाहेरच्या थरात वापरतात. ओंडका तिच्यावर आदळला की तिचा चुरा होतो. आपल्याला हवी ती जड, पिवळट, ठणठणीत.

उत्तर युरोपातल्या लोकांनी आगीजवळच्या दगडाचा जितका बारकाईने विचार केला तितका क्वचितच कुणी केला असेल. फिनलंडमध्ये सौनाच्या शेगडीवर दगड रचतात, ते तापवतात आणि वर मुद्दाम पाणी ओततात. म्हणजे आपण जे टाळायचे म्हणतो तेच ते दिवसातून अनेकदा करतात! त्यासाठी ते ऑलिव्हिनयुक्त, गार नसलेले, भरीव अग्निज दगड निवडतात, आणि तेही ठरावीक काळाने उतरवून, तडकलेले काढून पुन्हा रचतात. घरातल्या मोठ्या शेगड्या ते सोपस्टोनच्या करतात. हा दगड नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, पण त्याच्या मुख्य खनिजातले, शंखजिऱ्यातले पाणी ८०० अंशांच्या पुढे जाईपर्यंत जागचे हलत नाही. उष्णताही तो भरपूर साठवतो आणि हळूहळू सोडतो. बेलूर आणि हळेबीडची होयसळ मंदिरे ज्या मऊ दगडात कोरली तो याच जातीचा. आगटीच्या कडेला बसायच्या बाजूने अशा दगडाची पट्टी लावली तर जाळ विझल्यावरही बराच वेळ ऊब मिळेल. खर्चाचा विचार करता मी काळ्या दगडावर समाधान मानावे असेच सुचवीन.

बेसॉल्टलाही मर्यादा आहे, हे स्कॉटलंडमधल्या काही टेकड्यांवर दिसते. टॅप ओ’ नॉथसारख्या प्राचीन किल्ल्यांच्या तटांचे दगड वितळून काचेसारखे एकमेकांना चिकटलेले आहेत. हे कसे घडले यावर बरेच वाद झाले. १९३७ च्या मार्च महिन्यात पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड आणि वॉलेस थॉर्नीक्रॉफ्ट यांनी स्टर्लिंगशरमधल्या प्लीन इथल्या कोळसाखाणीवर १२ फूट लांब आणि ६ फूट उंच भिंत बांधली. बाहेरून फायरब्रिक, मध्ये आडवे लाकडी वासे, पोटात बेसॉल्टचे डबर. भिंतीला लाकडे टेकवून आग लावली आणि वाऱ्याने साथ दिली. आग विझल्यावर गाभ्यातला बेसॉल्ट ठिकठिकाणी वितळून एकजीव झालेला निघाला. अंगणातली उघडी शेकोटी इतकी तापत नाही, पण तळाशी नळी घालून पंख्याने हवा फुंकण्याची हौस करणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. हवेच्या जोरावर आगटीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही.

लोखंडाबद्दल थोडक्यात. साध्या पोलादाची ताकद ६०० अंशांच्या आसपास निम्म्यावर येते, म्हणून पातळ पत्र्याचे कडे दोन हंगामांत वाकडे होते. निदान पाच-सहा मिलिमीटर जाडीचे घ्यावे. बिडाचे भांडे धग चांगली धरते, पण तापलेले असताना त्यावर पाणी ओतले तर तडकते. वरचा गंजाचा थरच खालच्या धातूचे रक्षण करतो असे कॉर्टेन पोलाद हल्ली लोकप्रिय आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात ते आधी रेल्वेच्या डब्यांसाठी वापरले गेले. एक गोष्ट मात्र पूर्ण वर्ज्य समजावी: जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा, बादली किंवा पिंप. जस्त ४२० अंशांना वितळते, ९०७ अंशांना उकळते, आणि त्याची पांढरी वाफ छातीत गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पितळ ओतणाऱ्या कारागिरांना हा ताप फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रसायनाचे किंवा तेलाचे जुने पिंपही नको, आतल्या रंगाचा धूर वेगळाच.

बांधणीत सर्वांत आधी जमीन पाहावी. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर ठेवलेले कोणतेही वर्तुळ वर्षभरात तिरके होते. ती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खणावे आणि खड्ड्यात वीतभर खडी भरावी. क्रशरची खडी बेसॉल्टचीच असते आणि तिच्यातून पाणी निचरून जाते. आतला व्यास तीन फूट पुरे. त्याहून मोठ्या आगटीत लाकूड जास्त जळते आणि माणसे आगीपासून लांब बसतात. आत फायरब्रिकचे कडे, बाहेर काळ्या दगडाचे, मध्ये दोन बोटे जागा सोडून त्यात मुरूम किंवा बारीक खडी. आतल्या विटा सिमेंटमध्ये बांधू नयेत. एकतर फायर क्ले पाण्यात कालवून पातळ थर द्यावा, नाहीतर कोरड्याच रचाव्यात. तापल्यावर त्यांना पसरायला फट लागते. तळाशी दोन-तीन ठिकाणी विटेची जागा मोकळी ठेवली की हवा खेळते आणि धूर कमी होतो. अमेरिकेतल्या आदर्श अग्निसुरक्षा संहितेत अशी करमणुकीची आग घरापासून २५ फूट दूर असावी असे म्हटले आहे. आपल्याकडे गवताची गंजी, गोठा आणि वाळलेला बांध यांच्यापासूनही तेवढेच अंतर धरावे.

आगटी फक्त हुरड्यासाठीच हवी असेल तर यातले काहीच लागत नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे शेतातच उथळ खड्डा खणून गोवऱ्या पेटवतात आणि फुफाट्यात ज्वारीची कणसे खुपसतात. गोवरीची आच मंद, ज्वाळा जवळजवळ नाही, आणि कडेला मातीशिवाय काही नाही. दगड नाही, तर फुटणार काय? इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांजवळही अशा खोलगट आगट्या सापडल्या आहेत.

कायमच्या आगटीला मात्र पावसाळ्याचा हिशेब ठेवावा लागतो. जूनच्या आधी राख पूर्ण काढून टाकावी, कारण ओली राख महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवते. वर पत्रा झाकावा, तो मात्र पहिला जाळ करण्याआधी बाजूला करायचा. दिवाळीनंतर पहिल्या खेपेला मोठा जाळ करू नये. काटक्यांची लहान आग तास-दोन तास ठेवावी, माणसांनी लांब बसावे, दगडांतून पांढरी वाफ निघते का पाहावे, आणि ती थांबल्यावर मगच ओंडका ठेवावा. नव्या आगटीलाही हाच नियम, सलग दोन-तीन संध्याकाळ. एवढे करूनही एखादा दगड तडकतोच. कोरड्या रचाईत तो काढून दुसरा बसवणे दहा मिनिटांचे काम आहे, म्हणून बांधतानाच चार-सहा दगड आणि दहा-बारा विटा जास्तीच्या आणून आडोशाला कोरड्या ठेवाव्यात.